केंद्रातली नोंद, टेबलावरचं काम

बँक असो, तहसील कचेरी असो की रुग्णालयाची नोंदणी खिडकी. ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे उत्तर ऐकून परत फिरावं लागलं नाही असा माणूस आज महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. खिडकीच्या आतल्या माणसापुढे संगणक सुरू असतो, वीज असते, कामाचा अनुभव असतो आणि समोरच्याचं काम करून द्यायची इच्छाही बहुतेक वेळा असते. तरी त्याचे हात बांधलेले असतात, कारण काम करण्याची ताकद त्याच्या टेबलावरच्या यंत्रात नसते, दूरच्या एखाद्या डेटा सेंटरमध्ये असते. कचेरीतली संगणनशक्ती एका जागी एकवटावी की प्रत्येकाच्या टेबलावर असावी, हा वाद संगणकाच्या पहिल्या काही दशकांपासून चालत आला आहे आणि दर पिढीला तो कायमचा मिटल्यासारखा वाटला आहे. भारतीय बँकांनी दोन्ही व्यवस्था एकाच पिढीत अनुभवल्या, म्हणून इथे मुख्य उदाहरण बँकेचं घेतलं आहे. मांडणी आपल्या जुन्या वादपद्धतीची आहे. पूर्वपक्ष केंद्रीय व्यवस्थेची बाजू पूर्ण ताकदीनिशी मांडेल. उत्तरपक्षातली भूमिका माझी आहे.

पूर्वपक्ष : बँकेचं उदाहरण तुम्हीच निवडलंत, तर निकालही तिथेच लागलेला आहे. कोअर बँकिंग येण्याआधी खातं बँकेचं नसायचं, शाखेचं असायचं. साताऱ्यात खातं असलेल्या माणसाला मुंबईत पैसे हवे असतील तर ड्राफ्ट काढावा लागे. १९८३ साली बँका आणि कर्मचारी संघटना यांच्यात करार झाला, १९८४ मध्ये रंगराजन समितीचा अहवाल आला आणि शाखांमध्ये लेजर पोस्टिंग मशिनं दिसू लागली. पुढे शाखेशाखेत स्वतंत्र सर्व्हर बसले. पण प्रत्येक शाखेतलं यंत्र एकटं होतं. व्याजदर बदलला की तो प्रत्येक शाखेत वेगळा भरायचा. एका शाखेनं दुसरीवर टाकलेली रक्कम जुळवायचं काम वर्षानुवर्षं थकलेलं असे, आणि न जुळलेल्या त्या नोंदींमध्ये अफरातफर सहज लपून राही. या शतकाच्या पहिल्या दशकात स्टेट बँकेसारख्या अवाढव्य बँकेनं आपल्या हजारो शाखा एका केंद्रीय प्रणालीवर आणल्या आणि हे सगळं संपलं. शिल्लक एक, नियम एक, हिशेब त्याच दिवशी पूर्ण. केंद्रातली ही एकच नोंद नसती तर एनईएफटी चोवीस तास चालली नसती आणि यूपीआयचा जन्मच झाला नसता. आता वादाला काय शिल्लक राहिलं?

उत्तरपक्ष : तुम्ही सांगितलेल्या इतिहासातला एकही शब्द मला खोडायचा नाही. खात्यातली शिल्लक ही अशी गोष्ट आहे की ती दोन ठिकाणी दोन असून चालत नाही. ज्या नोंदीवर अनेकांचा हक्क अवलंबून असतो ती एकच असली पाहिजे आणि तिची जबाबदारी केंद्रानं घेतली पाहिजे. पण नोंद केंद्रात नेताना तिच्याबरोबर दुसरीही एक गोष्ट नेली गेली, आणि ती नेण्याची गरज नव्हती. ती गोष्ट म्हणजे काम करण्याची क्षमता. कर्जदाराचे ताळेबंद पडताळणं, चेकवरची सही नमुन्याशी ताडून पाहणं, थकबाकीदारांची यादी आपल्या गरजेप्रमाणे लावणं, पत्राचा मसुदा करणं, उद्याच्या रोख रकमेचा अंदाज बांधणं ही सगळी शाखेतली रोजची कामं आहेत. त्यांतल्या एकालाही देशभर एकच उत्तर असण्याची अट लागू होत नाही. तरी तीही केंद्राच्या पडद्यामागे गेली, कारण दोन्हींसाठी एकच यंत्रणा उभारणं पुरवठादाराला आणि मुख्य कार्यालयाला सोपं होतं. नोंद केंद्रात असावी आणि क्षमता टेबलावर असावी, एवढंच मला म्हणायचं आहे. केंद्राशी संपर्क तुटला की नवी नोंद पक्की होणार नाही हे समजू शकतं. पण माणसाचं कामच थांबतं, हा रचनेतला दोष आहे आणि तो टाळता येण्यासारखा आहे.

पूर्वपक्ष : ही विभागणी ऐकायला चांगली आहे, पण इतिहासाचा कल तिच्या विरुद्ध आहे. हर्बर्ट ग्रोश यांनी १९५० च्या दशकात नियम मांडला की यंत्राची ताकद त्याच्या किमतीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे दुप्पट किमतीचं यंत्र चौपट काम देतं. मग दहा लहान यंत्रं घेण्यापेक्षा एक मोठं घेणं शहाणपणाचं. १९६१ साली एमआयटीत कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरून दाखवला, आणि त्याच वर्षी जॉन मॅकार्थी यांनी भाकीत केलं की पुढे संगणन हे वीज-टेलिफोनसारखी सार्वजनिक सेवा होईल. मधली वीस-पंचवीस वर्षं टेबलावरच्या संगणकाची गेली खरी. पण दूरसंचार महाग आणि मंद होता म्हणून ती गेली. जाळं स्वस्त आणि वेगवान झालं तसं संगणन केंद्राकडे परतलं. २००६ साली ॲमेझॉननं साठवण आणि संगणन भाड्यानं द्यायला सुरुवात केली. मॅकार्थींचं भाकीत तेव्हा खरं ठरलं.

उत्तरपक्ष : या इतिहासातून लोकांचं वागणं गळून पडलं आहे. टेबलावरचा संगणक कचेरीत शिरला तो तारा महाग होत्या म्हणून नव्हे. त्या काळात कंपन्यांमध्ये केंद्रीय संगणक होते, त्यांचा स्वतंत्र विभाग होता आणि तिथून नियमित अहवालही येत होते. पण अहवाल वाचून व्यवस्थापकाला नवा प्रश्न पडला, ‘कच्चा माल पाच टक्क्यांनी महागला तर नफ्याचं काय होईल?’, की त्याला विभागाकडे अर्ज करून पाळीची वाट पाहावी लागे. आपल्याकडेही वेगळं नव्हतं. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली आलेला सीडीसी ३६०० हा त्या काळचा आपला मोठा सामाईक संगणक. त्यावर काम करायचं तर पंच कार्डांचा गठ्ठा द्यायचा आणि उत्तर मिळायची वाट पाहायची. १९७९ मध्ये डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचं व्हिसिकॅल्क आलं आणि एक आकडा बदलताच बाकीचे सगळे आकडे डोळ्यांसमोर बदलताना दिसू लागले. त्या एका प्रोग्रॅमसाठी कितीतरी कचेऱ्यांनी ॲपल टू घेतले, आणि कुठे कुठे तर संगणक विभागाला न विचारता, आपल्या खात्याच्या किरकोळ खर्चातून घेतले. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी बाजारात आला तो तयार झालेल्या या मागणीवर. पैसे मोजून लोकांनी जे विकत घेतलं ते होतं परवानगीशिवाय प्रश्न विचारण्याचं स्वातंत्र्य. ही गरज जाळं वेगवान झाल्यानं संपत नाही, कारण ती वेगाची गरज नव्हतीच. ग्रोश यांचा नियमही मायक्रोप्रोसेसरनं मोडला. एकेका रुपयाला सर्वांत जास्त गणनशक्ती देणारी यंत्रं लहानच निघाली. राहिली मॅकार्थींची वीज. वीज केंद्रातूनच येते, पण जिथे काम थांबवून चालत नाही अशा प्रत्येक दवाखान्यानं आणि दुकानानं इन्व्हर्टर बसवला आहे. इन्व्हर्टर वीजमंडळाशी स्पर्धा करत नाही. मधले काही तास निभावतो. टेबलावरच्या संगणकाकडून मला तेवढीच अपेक्षा आहे.

पूर्वपक्ष : परवानगीशिवाय प्रश्न विचारण्याच्या स्वातंत्र्याची किंमतही सांगायला हवी. २०१२ साली जेपी मॉर्गनच्या लंडन कार्यालयातल्या व्यवहारांत सहा अब्ज डॉलरांहून अधिक तोटा झाला. जोखीम मोजण्याचं नवं गणित तिथे एक्सेलच्या शीटमधून हातानं कॉपी-पेस्ट करून चालत होतं, आणि एका ठिकाणी सरासरीऐवजी बेरजेनं भागलं गेल्यामुळे जोखीम प्रत्यक्षाहून कमी दिसत होती, असं बँकेच्याच चौकशीत निघालं. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडमध्ये करोनाचे १५,८४१ रुग्ण नोंदीतून सुटले, कारण जुन्या एक्सेल फाईलला ६५,५३६ ओळींची मर्यादा होती आणि पुढच्या ओळी गुपचूप गळून गेल्या. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या रॅन्समवेअरनं, म्हणजे खंडणीसाठी फायली अडवून ठेवणाऱ्या प्रोग्रॅमनं, ब्रिटनची रुग्णालयं बंद पाडली. त्यावरचा पॅच मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिला होता, पण हजारो टेबलांवरच्या हजारो यंत्रांवर तो बसवणार कोण? टेबलावर स्वातंत्र्य दिलं की टेबलागणिक वेगळी चूक होते, आणि ती कुणाला दिसत नाही.

उत्तरपक्ष : यांतलं पहिलं उदाहरण माझ्या बाजूला खरोखर लागतं, आणि त्याला सरळ उत्तर दिलं पाहिजे. लंडनमधली शीट ही कुणाच्या विचाराचं कच्चं काम राहिली नाही. तिच्यातला आकडा बँकेचा अधिकृत आकडा झाला. टेबलावरचं गणित ज्या क्षणी संस्थेची नोंद बनतं त्या क्षणी ते केंद्राकडे गेलं पाहिजे, तपासलं गेलं पाहिजे, त्याची मालकी ठरली पाहिजे. माझ्या विभागणीचीच ही मागणी आहे आणि तिथे ती पाळली गेली नाही. इंग्लंडची गोष्ट मात्र वेगळी. प्रयोगशाळांनी आपापल्या फाईल नीट पाठवल्या होत्या. त्या एकत्र करणाऱ्या केंद्रीय आरोग्य संस्थेनं जुना फाईल-प्रकार वापरला आणि ओळी तिथे गळाल्या. ती चूक टेबलावरची नव्हती, केंद्रातली होती, आणि म्हणूनच तिनं एका झटक्यात पंधरा हजारांवर नोंदी गिळल्या. वॉनाक्रायबद्दल तुम्ही बरोबर आहात. सुरक्षेचे पॅच प्रत्येकाच्या मर्जीवर सोडणं मला मान्य नाही. पण त्यानंतर दीड महिन्यानं, जून २०१७ मध्ये, नॉटपेट्या हे दुसरं घातक सॉफ्टवेअर आलं. युक्रेनमधल्या एका हिशेब-सॉफ्टवेअरच्या अधिकृत अपडेटमधूनच ते कचेऱ्यांत शिरलं. मर्स्क या जहाज कंपनीचं जगभरचं जाळं त्यात कोसळलं आणि न्हावा शेव्याला जेएनपीटीमधल्या तिच्या समूहाच्या टर्मिनलवर कंटेनर अडकून पडले. मर्स्कच्या वापरकर्त्यांची ओळख ठेवणारे सर्व्हर जगभर एकमेकांशी इतके नीट जोडलेले होते की सगळे एकदमच पुसले गेले. वाचला तो घानाच्या कार्यालयातला एक. हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेलेली होती, म्हणून तो जाळ्याबाहेर राहिला. त्याच्यातल्या प्रतीवरून कंपनीनं सगळं पुन्हा उभं केलं. एवढ्या मोठ्या संस्थेला योगायोगानं तुटलेल्या एका कोपऱ्यानं वाचवावं, यातून मला कळतं ते असं की काही कोपरे मुद्दाम, आखून, स्वतःच्या पायावर उभे राहतील असे ठेवले पाहिजेत.

पूर्वपक्ष : तरीही संरक्षणाच्या दृष्टीनं केंद्रच बरं. तालुक्याच्या गावातल्या सहकारी बँकेला सायबर सुरक्षेतला जाणकार नेमणं परवडत नाही. शंभर बँकांनी मिळून एक चांगलं केंद्र वापरलं तर तिथे उत्तम माणसं, उत्तम पहारा आणि रात्रंदिवस देखरेख ठेवता येते.

उत्तरपक्ष : पहारा चांगला होतो हे खरं. पण तो भेदला गेला तर काय होतं, हेही सांगितलं पाहिजे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला तेव्हा चोर कुठल्याही शाखेत शिरले नाहीत. एटीएमच्या व्यवहारांना होकार देणाऱ्या यंत्रणेची त्यांनी बनावट आवृत्ती उभी केली, आणि काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले. एकूण ९४ कोटींहून अधिक रक्कम गेली. ३१ जुलै २०२४ रोजी सी-एज या सेवा पुरवणाऱ्या कंपनीच्या यंत्रणेत रॅन्समवेअर आढळल्यावर देशाचं पेमेंट जाळं चालवणाऱ्या एनपीसीआयला ती जाळ्यापासून तोडावी लागली, आणि सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचे डिजिटल व्यवहार एकाच वेळी थांबले. यांतल्या बहुतेक बँकांचा या प्रकरणात काहीही दोष नव्हता. २३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर असेच बंद पडले आणि देशातल्या सर्वांत नावाजलेल्या रुग्णालयाचं कामकाज जवळपास दोन आठवडे हातानं लिहून चालवावं लागलं. टेबलावरच्या चुका पुष्कळ असतात, पण एकेक चूक एका टेबलापुरती असते. केंद्रातल्या चुका थोड्या असतात आणि प्रत्येक चूक सगळ्यांची असते. रुग्णालय आणि बँक यांच्या बाबतीत दुसऱ्या प्रकारचा धोका मला जास्त गंभीर वाटतो, कारण त्या दिवशी शेजारच्या खिडकीवर जाण्याचीही सोय उरत नाही.

पण मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारं उदाहरण दक्षिण कोरियाचं आहे. डेजॉन शहरातल्या सरकारी डेटा सेंटरमध्ये २६ सप्टेंबर २०२५ रोजी लिथियम बॅटऱ्यांना आग लागली आणि शेकडो सरकारी सेवा बंद पडल्या. त्या सेवा हळूहळू परत आल्या. जी-ड्राइव्ह मात्र आलं नाही. सरकारी कर्मचाऱ्यांनी आपली कामाची कागदपत्रं स्वतःच्या संगणकावर न ठेवता तिथे ठेवावीत अशी ही योजना होती. सुरक्षितता वाढेल, कागद हरवणार नाहीत, बदली झाली तरी काम मागे राहील, असा हेतू होता आणि तो अगदी योग्य होता. सुमारे ८५८ टेराबाइट कागदपत्रं जळाली. साठा इतका मोठा होता की त्याचा बाहेर बॅकअप घेतलेला नव्हता. कार्मिक व्यवस्थापन मंत्रालयानं नियम सर्वांत काटेकोर पाळून सगळं काही तिथेच ठेवलं होतं, आणि त्याचंच नुकसान सर्वांत जास्त झालं. धोरण समन्वय कार्यालयानं ती यंत्रणा कमी वापरली होती, म्हणून त्याचं कमी गेलं. नंतर जे काही परत मिळवायचा प्रयत्न झाला तो कर्मचाऱ्यांच्या स्वतःच्या संगणकांवर उरलेल्या फायली, ईमेल आणि छापील प्रती यांच्या आधारे. वर्षानुवर्षं काम करून लोकांनी जे टिपलं, जमवलं, लिहिलं ते असं जावं याचं दुःख आकड्यात सांगता येत नाही. आज्ञा पाळणाऱ्यांना सर्वांत मोठी शिक्षा देणारी रचना कितीही आधुनिक असली तरी ती चुकीची आहे.

पूर्वपक्ष : हे दुःख खरं आहे, पण आरोप चुकीच्या जागी आहे. डेजॉनमध्ये बॅकअप नव्हता. केंद्र असणं हा गुन्हा नव्हे. दुसऱ्या शहरात रोज एक प्रत गेली असती तर ही गोष्ट तुम्ही सांगितलीच नसती. बँकांना रिझर्व्ह बँकेचं बंधन असतं. त्यांची पर्यायी केंद्रं असतात आणि त्यांच्या ठरावीक चाचण्याही होतात.

उत्तरपक्ष : बॅकअप हवाच, आणि तो नव्हता हा तिथला मोठा अपराध. पण बॅकअप नोंद परत देतो, आज सकाळी दहा ते दुपारी दोन या वेळेतलं काम परत देत नाही. पर्यायी केंद्र सुरू व्हायला वेळ लागतो आणि कधी कधी ते ऐन वेळी अपुरं पडतं. २१ नोव्हेंबर २०२० रोजी एचडीएफसी बँकेच्या मुख्य डेटा सेंटरमध्ये वीज गेली आणि बँकेच्या सेवा विस्कळीत झाल्या. देशातल्या सर्वांत साधनसंपन्न खासगी बँकेची ही अवस्था पाहून रिझर्व्ह बँकेनं डिसेंबरमध्ये तिला नव्या डिजिटल योजना आणि नवी क्रेडिट कार्डं थांबवायला सांगितलं. शिवाय काही वेळा केंद्र बिघडत नाही, ते तुमच्यासाठी बंद केलं जातं. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघानं नायरा एनर्जी या मुंबईत मुख्यालय असलेल्या तेल कंपनीवर निर्बंध लावले आणि मायक्रोसॉफ्टनं तिच्या ईमेल आणि टीम्स सेवा रोखल्या. भारतीय कायद्यानं तिच्यावर कोणतंही बंधन नव्हतं. तरी स्वतःच्या पत्रव्यवहारासाठी तिला दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं, आणि काही दिवसांत सेवा परत सुरू झाल्या. इथे आग नव्हती, व्हायरस नव्हता, वीजही गेली नव्हती. ज्याच्या हातात केंद्राची किल्ली होती त्यानं ती फिरवली. कितीही बॅकअप घेतले तरी किल्ली त्याच हातात असेल तर त्यांचा उपयोग नाही.

आणि एकच सत्य हवं म्हणून एकच यंत्र हवं, हा निष्कर्षही बरोबर नाही. रेल्वेचं आरक्षण पाहा. देशाला एकच आरक्षण लागतं, पण त्यासाठी रेल्वेनं दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद अशी पाच केंद्रं ठेवली, आपापल्या गाड्यांची नोंद प्रत्येकाकडे दिली आणि १९९९ मध्ये ती एकमेकांना जोडून घेतली. दुसरं उदाहरण प्रोग्रॅमरांच्या कचेरीतलं. २००५ साली लिनस टॉरवाल्ड्स यांनी गिट बनवलं तेव्हा आधीच्या अनेक पद्धतींत एका सर्व्हरवर असणारा प्रोग्रॅममधल्या बदलांचा पूर्ण इतिहास त्यांनी प्रत्येकाच्या संगणकावर दिला. सर्व्हर बंद असला तरी काम चालतं, आणि जोडणी झाली की बदल जुळवले जातात. कुणी जुनी नोंद गुपचूप बदलली तर ती गणिती खुणेवरून पकडली जाते. जगातलं बरंचसं सॉफ्टवेअर आज याच पद्धतीनं लिहिलं जातं. शिस्त आणि स्वायत्तता एकत्र नांदू शकतात याचा याहून भक्कम पुरावा माझ्याकडे नाही.

पूर्वपक्ष : पैसा म्हणजे प्रोग्रॅम नव्हे. दोन प्रोग्रॅमरांनी एकच ओळ वेगवेगळी बदलली तर नंतर बसून जुळवता येते. एकाच खात्यातून दोन शाखांत एकाच वेळी सगळी शिल्लक काढली गेली तर काय जुळवणार? आणि शाखेत खातेदारांची माहिती ठेवलीत तर ती चोरीला जाण्याची वाट तुम्हीच मोकळी केलीत.

उत्तरपक्ष : दोन्ही शंका रास्त आहेत, आणि दोन्हींची उत्तरं बँकिंगच्याच व्यवहारात आहेत. बँकेची यंत्रणा बंद असताना कार्डाचा व्यवहार आला तर व्हिसा, मास्टरकार्ड यांची जाळी ठरवून दिलेल्या मर्यादेत बँकेच्या वतीनं होकार देतात आणि हिशेब नंतर पुरा होतो. जोखीम शून्य नसते. तिची किंमत ठरवलेली असते. रिझर्व्ह बँकेनंही जानेवारी २०२२ मध्ये जाळ्याशिवाय होणाऱ्या लहान रकमांच्या व्यवहारांना चौकट दिली. सुरुवातीला एका वेळी २०० रुपयांची मर्यादा होती, पुढे ती ५०० झाली. म्हणजे देशाच्या सर्वोच्च केंद्रालाच संपर्क तुटलेल्या अवस्थेची सोय करावीशी वाटली. शाखेनंही तसंच करावं. खातं ज्या शाखेचं त्याच शाखेत, ओळख पटलेल्या खातेदाराला, ठरावीक रकमेपर्यंत रोख द्यावी आणि नोंद जोडणीनंतर पक्की करावी. सगळी शिल्लक दोनदा निघण्याचा प्रश्न तिथे येतच नाही. माहितीच्या चोरीचं म्हणाल तर सगळ्या देशाचे खातेदार शाखेत ठेवा असं मी म्हणत नाही. शाखेच्या आपल्याच खातेदारांची सकाळची शिल्लक आणि नमुना सह्या, कूटबद्ध करून, रात्री आपोआप पुसल्या जातील अशा ठेवाव्यात. ती चोरीला गेली तरी नुकसान एका शाखेचं, एका दिवसाचं. डेटा सेंटरमधून चोरी झाली तर ते सगळ्यांचं, सगळ्या वर्षांचं.

पूर्वपक्ष : १९ जुलै २०२४ विसरलात का? क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटनं जगातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक एकाच दिवशी निळ्या पडद्यावर अडकले. आपल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हातानं लिहून दिले गेले. ती यंत्रं टेबलावरचीच होती.

उत्तरपक्ष : टेबलावर होती, पण टेबलावरच्या माणसाच्या ताब्यात नव्हती. बाहेरून एकाच वेळी सगळीकडे जाणाऱ्या अपडेटला कुणीही, एका दिवसासाठीसुद्धा, थांबवू शकत नव्हतं. म्हणूनच पेटी कुठे ठेवली आहे यावर मी हा वाद अडवत नाही. पॅच केंद्रानं ठरवावा, पण तो आधी थोड्या शाखांत जावा, तिथे तो नीट चालला असं दिसल्यावर बाकीच्यांकडे. प्रत्येक कचेरीत निदान काही यंत्रं कालच्या, चालत्या अवस्थेत उरली पाहिजेत.

पूर्वपक्ष : आता कर्मचाऱ्याचं बोला. त्याला ही स्वायत्तता हवी आहे का? दर तीन वर्षांनी त्याची बदली होते. नव्या शाखेत तोच पडदा, तीच बटणं असली की त्याला बरं वाटतं. स्वतः निर्णय घेतला आणि चुकला तर चौकशी त्याची होते. सर्व्हर डाऊन असला तर दोष कुणाचाच नसतो.

उत्तरपक्ष : शेवटचं वाक्य तुम्ही फार खरं बोललात, आणि माझ्या मते केंद्रीकरणाचा खोल गेलेला परिणाम तोच आहे. दोष कुणाचाच नसतो अशी जागा निर्माण झाली की सेवेची जबाबदारीही कुणाची राहत नाही, आणि भोगतो तो रांगेतला पेन्शनर. कर्मचाऱ्याला क्षमता नकोशी आहे हे मात्र मला पटत नाही. केंद्रीय प्रणालीवर चालणाऱ्या कुठल्याही कचेरीत जा. कुणाच्या ना कुणाच्या संगणकावर एक खासगी एक्सेल शीट सापडते. कर्जाच्या नूतनीकरणाच्या तारखा, वारंवार परत येणारे अर्ज, वसुलीला कधी जायचं त्याच्या टिपा. प्रणाली जे देत नाही ते त्या माणसानं आपल्या हातानं उभं केलेलं असतं. मुख्य कार्यालयाला अशी शीट म्हणजे शिस्तभंग वाटतो. मला वाटतं, कामाचा खरा नकाशा तिथेच आहे. केंद्रानं या शीट बंद पाडण्याऐवजी मागवून वाचल्या, तर प्रणालीची पुढची आवृत्ती कशी असावी हे कुठल्याही सल्लागाराशिवाय कळेल. दहा शाखांत एकच शीट दिसली तर ती नोंद व्हायला पिकली आहे, ती केंद्रात घ्यावी. एकाच शाखेत असेल तर ती त्या शाखेची गरज आहे, ती तिथेच राहू द्यावी.

पूर्वपक्ष : समजा हे सगळं मान्य केलं. खर्च? मोठ्या बँका करतीलही. पण देशातल्या सुमारे दीड हजार नागरी सहकारी बँकांपैकी सर्वांत जास्त महाराष्ट्रात आहेत, आणि त्यांतल्या अनेक लहान आहेत. त्यांच्यासाठी मार्च २०२४ मध्ये एनयूसीएफडीसी ही शिखर संस्था सुरू झाली. या बँकांना सामाईक तंत्रज्ञान पुरवणं हे तिचं एक काम आहे. म्हणजे त्यांचा प्रवास केंद्राकडेच आहे, आणि तो त्यांना परवडणारा एकमेव मार्ग आहे. तुमचा सिद्धांत त्यांच्या करारात कुठे बसतो ते सांगा.

उत्तरपक्ष : तो मार्ग त्यांनी घ्यावाच, सामाईक केंद्राशिवाय त्यांचा निभाव लागणार नाही. माझी मागणी करारातल्या एका कलमापुरती आहे, आणि तिला नव्या यंत्रांचा खर्च फारसा लागत नाही, कारण शाखेतल्या टेबलांवर आज जे संगणक आहेत त्यांची बहुतेक ताकद वापराविना पडून आहे. कलम असं लिहावं : केंद्राशी संपर्क तुटल्यापासून चार तासांपर्यंत शाखेला आपल्या खातेदारांची त्या सकाळची शिल्लक आणि नमुना सह्या पाहता आल्या पाहिजेत, संचालक मंडळानं ठरवलेल्या मर्यादेत रोख देता-घेता आली पाहिजे, त्याची पावती छापता आली पाहिजे आणि संपर्क आल्यावर त्या नोंदी आपोआप केंद्रात जाऊन न जुळणाऱ्या नोंदींची यादी त्याच दिवशी शाखाधिकाऱ्याला मिळाली पाहिजे. बँकेला तिचा सगळा डेटा दर महिन्याला दुसरी प्रणाली वाचू शकेल अशा स्वरूपात मिळावा आणि त्याची प्रत पुरवठादाराच्या ताब्याबाहेर असावी. वर्षातून दोनदा, कामाच्या दिवशी, आधी कळवून प्रत्येक शाखेची जोडणी दोन तास मुद्दाम बंद करावी आणि त्या वेळात किती खातेदारांचं काम झालं, किती जण परत गेले, हा आकडा पुरवठादाराचं बिल देण्याआधी संचालकांसमोर ठेवावा.